चौसष्ट घरांचा हिशेब : अल्बेरूनी यांचे जीवन

वाचकहो, चरित्राला आरंभ करण्यापूर्वी एक आकडा आपल्यापुढे ठेवतो. तो सावकाश वाचावा. १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एकूण वीस अंक. कोटी, अब्ज, खर्व असे म्हणत जावे तर जीभ अडखळते, आणि आपल्याकडील जुन्या गणितग्रंथांतील शेवटचे नाव जे 'परार्ध', त्याच्याही पलीकडे तो जातो. परार्ध हे अठरावे स्थान. हा आकडा विसाव्या स्थानावर सुरू होतो, म्हणजे जवळजवळ १८४ परार्ध.

हा आकडा कोठून आला ती कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. हिंदुस्थानातील एका राजाला बुद्धिबळाचा खेळ फार आवडला. खेळ शोधून काढणाऱ्या विद्वानाला, ज्याचे नाव अरबी ग्रंथकार सिस्सा असे देतात, त्याने हवे ते माग म्हणून सांगितले. त्याने मागितले काय, तर पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे प्रत्येक घरात दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजाला वाटले, केवढे हे क्षुल्लक मागणे! कारभाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा राज्यातली सगळी कोठारे रिकामी करूनही पुरणार नाहीत असे दिसून आले. वर दिलेला आकडा म्हणजे त्या दाण्यांची बेरीज.

कथा खरी की कल्पित, ते बाजूला ठेवू. पण हा हिशेब अतिशय देखण्या रीतीने करून लिहून ठेवणारा माणूस मात्र खरा होता, आणि त्याचे आयुष्य कथेपेक्षा कमी नवलाचे नाही. त्यांचे पूर्ण नाव अबू रैहान मुहंमद इब्न अहमद अल्बेरूनी. आपली मुले इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव वाचतात ते महमूद गझनवीच्या धड्यात, एका ओळीपुरते. गणिताच्या पुस्तकात तर नाहीच. एक शिक्षक म्हणून ही गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे.

अल्बेरूनी यांचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी ख्वारिझ्म प्रांतात काथ या राजधानीच्या शहराजवळ झाला. अरल समुद्राच्या दक्षिणेचा, आमू दर्याच्या काठचा हा मुलूख. आज तो उझबेकिस्तानात आहे आणि त्या ठिकाणच्या गावाला बेरूनी असेच नाव दिलेले आहे. 'बेरून' म्हणजे बाहेर. शहराच्या बाहेरच्या वस्तीतला तो बेरूनी, असा या नावाचा सरळ अर्थ. पुढे जन्मभर या ना त्या दरबारात बाहेरचा म्हणूनच राहण्याची पाळी त्यांच्यावर यायची होती.

त्यांना उस्ताद मात्र मोठे भाग्याचे लाभले. अबू नस्र मन्सूर हे ख्वारिझ्मच्या राजघराण्यातले, आणि त्याचबरोबर त्या काळच्या पहिल्या प्रतीच्या गणितज्ञांपैकी एक. त्यांनी या होतकरू मुलाला भूमिती आणि ज्योतिषशास्त्र शिकवले, आणि पुढे आपल्या या शागिर्दाच्या नावाने बारा ग्रंथ लिहिले. गुरूने शिष्याला ग्रंथ अर्पण करावेत हे दृश्य आपल्याकडे फारसे दिसत नाही. अल्बेरूनींनी त्या ऋणाची आठवण शेवटपर्यंत ठेवली.

विद्याभ्यास असा चाललेला असताना ९९५ साली ख्वारिझ्ममध्ये यादवी माजली. गुरगंजच्या अमीराने काथ जिंकले, जुने राजघराणे संपले. बावीस वर्षांच्या अल्बेरूनींना घरदार, उपकरणे, अर्धवट राहिलेले वेध, सगळे टाकून पळावे लागले. इराणातील रय या शहरी ते आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज जवळ काही नव्हते म्हटले तरी चालेल. तेथे एका ज्योतिष्याशी कुठल्याशा गणितावरून वाद झाला. अल्बेरूनींचे म्हणणे बरोबर असूनही तो त्यांना तुच्छतेने बोलला, कारण एवढेच की एक श्रीमंत होता आणि दुसरा गरीब. पुढे अल्बेरूनींची स्थिती जरा सुधारली, तेव्हा तोच गृहस्थ मित्र झाला. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तिच्यात कडवटपणा आहे, पण त्याहून अधिक एक मिस्किल हसू आहे असे मला वाटते.

दोन वर्षांत ते पुन्हा काथला पोहोचले, कारण २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होते आणि बगदादचे प्रख्यात गणितज्ञ अबुल वफा यांच्याशी त्यांनी आधी संधान बांधून ठेवले होते. दोघांनी आपापल्या गावी एकच ग्रहण पाहायचे आणि स्थानिक वेळ टिपायची. ग्रहण तर सर्वांना एकाच क्षणी दिसते. मग दोन ठिकाणच्या वेळांत जो फरक पडेल तोच त्यांच्या रेखांशांतला फरक. तार नाही, दूरध्वनी नाही, पत्राला महिने लागत. अशा काळात दोन शहरांतील दोन माणसे एका रात्री एकाच चंद्राकडे पाहत उभी होती. एकाने पंचविशीही गाठली नव्हती, आणि दुसरा आयुष्याच्या अखेरीस आलेला होता.

यानंतर काही वर्षे ते कास्पियन समुद्राकाठी गुर्गानच्या काबूस या अमीराच्या आश्रयाला राहिले. सुमारे १००० साली, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी 'अल्आसारुल बाकिया' हा आपला पहिला मोठा ग्रंथ त्याच्या नावे लिहिला. जगातील लोक काळ कसा मोजतात, हा त्याचा विषय. मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, इराणी, सोग्दियाना आणि ख्वारिझ्मचे लोक यांची पंचांगे, सण, शक आणि सनावळ्या त्यांत शेजारी शेजारी मांडल्या आहेत. कोणाचीही थट्टा नाही. अरब सेनापती कुतैबाने ख्वारिझ्म जिंकताना तेथील जुने लिहिणारे-वाचणारे लोक नष्ट केले, त्यामुळे त्या देशाचा इतिहास कायमचा हरवला, ही गोष्टही त्यांनी स्पष्टपणे नोंदवली आहे. स्वतः मुसलमान असूनही इस्लामी सेनेच्या हातून झालेली ही हानी त्यांनी झाकली नाही.

बुद्धिबळाचा हिशेब याच ग्रंथात, सनावळ्यांच्या गणिताच्या ओघात आलेला आहे. आता, वाचकहो, एक कागद आणि पेन्सिल जवळ घ्यावी ही विनंती.

साध्या रीतीने हा हिशेब करायचा तर त्रेसष्ट वेळा दुप्पट करावी लागेल आणि मग चौसष्ट आकड्यांची बेरीज. एवढ्या लांब वाटेत कोठेतरी हातचा चुकणारच. अल्बेरूनींनी दोन नियम सांगितले. पहिला असा : कोणत्याही घरातील संख्येचा वर्ग केला की जी संख्या येते ती पुढे तितक्याच अंतरावरच्या घरात असते, जितके ते घर पहिल्या घरापासून दूर आहे. पाचव्या घरात १६ आहेत. पाचवे घर पहिल्यापासून चार घरे दूर. मग १६ चा वर्ग २५६ हा आणखी चार घरे पुढे, म्हणजे नवव्या घरात सापडला पाहिजे. मोजून पाहा, सापडतो. दुसरा नियम : कोणत्याही घरातील संख्येतून एक वजा केला की त्याच्या आधीच्या सर्व घरांची बेरीज मिळते. सहाव्या घरात ३२. पहिल्या पाच घरांची बेरीज १, २, ४, ८ आणि १६ मिळून ३१.

या दोन नियमांनी सारे काम होते. तिसऱ्या घरातील ४ घ्या. त्याचा वर्ग १६, पाचवे घर. त्याचा वर्ग २५६, नववे घर. त्याचा वर्ग ६५,५३६, सतरावे घर. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, तेहेतिसावे घर. आणि त्याचा वर्ग केला की पासष्टावे घर येते. पटावर पासष्टावे घर नाही हे खरे, पण गणितात ते कल्पिता येते. त्यातून एक वजा केला की चौसष्ट घरांची बेरीज तयार. त्रेसष्ट दुपटी आणि तेवढ्याच बेरजा यांच्या ठिकाणी पाच गुणाकार आणि एक वजाबाकी!

मी हा हिशेब आठवीच्या वर्गात फळ्यावर करून पाहिला आहे. शेवटच्या गुणाकारात माझाच हातचा चुकला. मुलांना नवाचा ताळा शिकवलेला होता म्हणून अब्रू वाचली. तेहेतिसाव्या घराच्या संख्येतील अंकांची बेरीज ५८, तिची १३, तिचे ४. चाराचा वर्ग १६, त्याचे ७. म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीजही करीत करीत सातावर आली पाहिजे. माझी येत नव्हती. दुरुस्त केल्यावर ८८ आली, तिचे १६, आणि १६ चे ७. एक वजा केल्यावर आपल्या मूळ आकड्याच्या अंकांची बेरीज ८७ होते, म्हणजे त्याला तीनने भाग जातो, नऊने जात नाही. शेवटी ५ आहे म्हणजे पाचनेही भाग जातो. एवढे तर भागाकार न करताच कळले.

एवढ्यावर अल्बेरूनी थांबले असते तर ते केवळ हुशार हिशेबनीस ठरले असते. परंतु वीस अंकी आकडा सांगून भागत नाही, तो डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे, हे त्यांच्यातल्या शिक्षकाला ठाऊक होते. म्हणून त्यांनी तो मोजायला घेतला तो असा. दाण्यांच्या जागी दिरहम धरा. दहा हजार दिरहमांची एक थैली. थैल्या झाल्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५५. एका खेचरावर आठ थैल्या लादा. खेचरे झाली २३,०५,८४,३०,०९,२१,३६९. दहा हजार खेचरांचा एक तांडा. एकेका ओढ्याकाठी हजार तांडे चरायला सोडा. ओढे लागतील २,३०,५८,४३०. आणि एकेका डोंगरातून दहा हजार ओढे निघतात असे समजा. तर डोंगर लागतील २३०५. असे दहा दहा हजार ओढ्यांचे एवढे डोंगर या पृथ्वीवर आणायचे कोठून? हा हिशेब वाचला की प्रत्येक पायरीला डोळे मिटून पाहावेसे वाटते, आणि शेवटी ते २३०५ डोंगरच काय ते मनात राहतात.

आपल्या काळातला हिशेब हवा असेल तर गव्हाचाच घ्यावा. एका ग्रॅमला पंचवीस दाणे धरले तर हा ढीग सुमारे ७३,७८७ कोटी टनांचा होतो. अलीकडच्या वर्षांत साऱ्या जगात वर्षाला ऐंशी कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो. म्हणजे साऱ्या पृथ्वीचे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक त्या एका पटावर ओतावे लागेल.

या आकड्याच्या पोटात आणखीही एक गुपित आहे आणि ते अल्बेरूनींनी घातलेल्या पायऱ्यांतच दडलेले आहे. त्यांच्या पायऱ्या २ पासून लिहा : २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि ४,२९,४९,६७,२९६. प्रत्येकीत एक एक मिळवा : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. आता या सहा संख्यांचा गुणाकार करा. उत्तर बरोबर चौसष्ट घरांच्या बेरजेइतके येते. कारण सोपे आहे : वर्गातून एक वजा केला की त्याचे दोन अवयव पडतात, मूळ संख्या अधिक एक आणि मूळ संख्या उणे एक, आणि उणे एकाचे पुन्हा तसेच दोन. शाळेतले हे नेहमीचे सूत्र सहा वेळा वापरले, एवढेच.

या संख्यांच्या नादी पुढे फ्रान्सचे फर्मा लागले. १६४० च्या सुमारास त्यांना वाटले की अशा रीतीने तयार होणारी प्रत्येक संख्या मूळ संख्या असते. पहिल्या पाच आहेतच. सहावी मात्र फसवी निघाली. १७३२ साली ऑयलर यांनी दाखवून दिले की ती ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे. १७९६ मध्ये जर्मनीचे गाउस, तेव्हा अठरा वर्षांचा तरुण, त्यांनी सिद्ध केले की सतरा बाजूंची समभुज आकृती नुसत्या पट्टीने आणि कंपासने काढता येते. आणि त्याच्या मुळाशी याच संख्या आहेत. नऊ बाजूंची आकृती मात्र तशी काढता येत नाही. गंमत अशी की अल्बेरूनींनी आपल्या 'अल्कानून अल्मसऊदी' या ग्रंथात नेमक्या नऊ बाजूंच्या आकृतीशी झुंज दिली होती. पट्टी-कंपास पुरत नाहीत म्हटल्यावर त्यांनी ते बीजगणिताच्या समीकरणावर नेले आणि हवी ती बाजू आकडेमोडीने जवळजवळ अचूक काढली.

आज जो संगणक सर्वत्र दिसतो, तो शून्य आणि एक यांच्या चौसष्ट स्थानांत संख्या साठवतो. त्या चौसष्ट स्थानांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म्हणजे पुन्हा आपला तोच आकडा. एकेक स्थान म्हणजे पटाचे एकेक घर.

असो. चरित्राचा धागा पुन्हा हाती घेऊ. सुमारे १००४ साली अल्बेरूनी मायदेशी परतले आणि नव्या ख्वारिझ्मशाहाच्या दरबारी सल्लागार झाले. अबू नस्रही तेथे होते. काही काळ इब्न सीनाही तेथे होते, ज्यांच्याशी अल्बेरूनींचा तरुणपणी ॲरिस्टॉटलच्या मतांवरून पत्रांतून चांगलाच खटका उडाला होता. विद्येचा असा मेळा क्वचितच जमतो. परंतु दक्षिणेकडे सुलतान महमूदचे बळ वाढत होते. इब्न सीना वेळीच निघून गेले. १०१७ साली महमूदने ख्वारिझ्म घेतले आणि लुटीबरोबर विद्वानही गझनीला नेले. अबू नस्र आणि अल्बेरूनी, गुरू आणि शिष्य, दोघेही त्या तांड्यात होते. अल्बेरूनींचे वय तेव्हा चव्वेचाळीस.

यापुढील वर्षे त्यांनी पाहुणा म्हणून काढली की कैदी म्हणून, हे सांगणे अवघड आहे. बहुधा दोन्हींच्या मधले काहीतरी असावे. पण १४ ऑक्टोबर १०१८ या दिवसाची एक नोंद त्यांनी ठेवली आहे. काबूलजवळच्या एका खेड्यात ते होते. मन कष्टी होते आणि जवळ एकही उपकरण नव्हते. तेव्हा त्यांनी हिशेबाची धूळपाटी उलटी केली, तिच्या पाठीवर कंस आखून त्याचे अंश पाडले, ओळंबा टांगला आणि सूर्याची उंची मोजून त्या जागेचा अक्षांश काढला. मुलूख गेला, घर गेले, ग्रंथ गेले. पाटी राहिली होती, आणि तिची मागची बाजू कोरी होती.

महमूदच्या स्वाऱ्यांमुळे हिंदुस्थानची वाट त्यांच्यासाठी उघडली. पंजाबातील नंदना या किल्ल्यावर त्यांनी पृथ्वीचे माप घेतले. खलिफा मामूनच्या ज्योतिर्विदांनी हेच माप वाळवंटात मैलोगणती चालून काढले होते. अल्बेरूनींनी एका डोंगराची उंची काढली, ती सुमारे ६५२ हात भरली. मग माथ्यावर उभे राहून क्षितिज आडव्या रेषेपेक्षा किती खाली झुकलेले दिसते ते पाहिले. तो कोन ३४ कला, म्हणजे एका अंशाच्या निम्म्याहून थोडा अधिक. एवढ्या दोन मापांवरून त्रिकोणमितीने पृथ्वीची त्रिज्या काढली, आणि ती जुन्या मापाशी जुळती आली. चालण्याचा त्रास वाचला, असा शेराही त्यांनी स्वभावाप्रमाणे मारला असता तर नवल नव्हते.

वयाच्या पंचेचाळिशीत त्यांनी संस्कृत शिकायला घेतले. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत रूपे पाठ केली आहेत त्यांनी या वयात तो उद्योग करण्याची कल्पना करून पाहावी. सुरुवातीला ते पंडितांपुढे विद्यार्थी म्हणून बसत. भाषा अवगत होऊ लागली, ते गणिताची कारणे समजावून सांगू लागले, तेव्हा पंडितच विचारू लागले की हे तुम्ही आमच्यापैकी कोणापाशी शिकलात. ग्रंथ मिळवण्यासाठी त्यांनी पैशाकडे आणि श्रमाकडे पाहिले नाही. पतंजलीच्या योगसूत्रांचा त्यांनी अरबीत अनुवाद केला, आणि उलट बाजूने युक्लिडची भूमिती संस्कृत श्लोकांत घालण्याचे काम हाती घेतले.

याचे फळ म्हणजे १०३० साली पुरा झालेला हिंदुस्थानावरील त्यांचा ग्रंथ, जो 'किताबुल हिंद' या नावाने सर्वत्र ओळखला जातो. त्यात हिंदूंचे तत्त्वज्ञान, धर्म, चालीरीती, भूगोल, ज्योतिष सगळे आहे. फासे टाकून चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णनही आहे. संख्यांवरचे प्रकरण मला विशेष वाटते. अरबीत हजाराच्या पुढे वेगळे नाव नाही, मोठी संख्या हजार हजार असे म्हणत सांगावी लागते. हिंदूंनी मात्र अठरा स्थानांना अठरा नावे दिली आहेत, हे त्यांनी कौतुकाने नोंदवले आणि सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटीपासून परार्धापर्यंतची यादी दिली. पूर्वी जो वीस अंकी आकडा त्यांनी डोंगर-ओढ्यांनी मोजला, त्याच्या जवळपास पोहोचणारी नावे त्यांना येथे, बुद्धिबळाच्याच देशात सापडली.

त्या ग्रंथात आपल्या प्रदेशाचाही उल्लेख आहे. मरहट्ट देश येतो, आणि समुद्रकाठचा कोकण व त्याची राजधानी ठाणे हीही नावे येतात. ते स्वतः एवढ्या दक्षिणेला कधी आले नाहीत. पंजाबापलीकडची माहिती त्यांनी ऐकून व वाचून गोळा केली. तरी हजार वर्षांपूर्वी गझनीत बसून कोणीतरी कोकणचे नाव अरबी लिपीत उतरवले होते, हे आम्हा कोकणातल्या मुसलमानांना वाचताना बरे वाटते.

आणि एक गोष्ट. महमूदच्याच राज्यात राहून त्यांनी त्या ग्रंथात लिहिले की या स्वाऱ्यांनी त्या देशाची भरभराट धुळीला मिळाली, लोक विखुरले आणि त्यांच्या मनात मुसलमानांविषयी तिटकारा बसला. तेथील विद्याही आमच्या हाती न लागणाऱ्या काश्मीर, बनारससारख्या दूरच्या ठिकाणी निघून गेल्या. आपल्या विद्यार्थ्यांना महमूदचा धडा शिकवताना आपण शिक्षक बऱ्याचदा चाचरतो, घाईने पान उलटतो. वर्गात दोन्ही समाजांची मुले बसलेली असतात. मी अलीकडे अशा वेळी अल्बेरूनींचे म्हणणे सांगतो. सुलतानाच्या अन्नावर असलेला माणूस जे लिहू शकला ते बोलायला आपण का घाबरावे?

महमूदनंतर मसऊद गादीवर आला. त्याच्या नावे लिहिलेला 'अल्कानून अल्मसऊदी' हा ज्योतिषावरील महाग्रंथ. सुलतानाने खूश होऊन हत्तीभर चांदी पाठवली आणि अल्बेरूनींनी, आपली गरज भागते आहे असे कळवून, ती परत केली असे चरित्रकार सांगतात. आधीच, १०२९ साली, त्यांनी ख्वारिझ्मच्या रैहाना नावाच्या एका जिज्ञासू स्त्रीसाठी भूमिती, अंकगणित आणि ज्योतिष यांचे प्राथमिक पुस्तक लिहिले होते, ५३० प्रश्न आणि त्यांची उत्तरे अशा स्वरूपात. सुलतानाचा ग्रंथ मोजक्या पंडितांनी वाचला. रैहानाचे पुस्तक शेकडो वर्षे शिकणाऱ्यांच्या हाती राहिले. मुलींना गणित कशाला, असे आजही आपल्या काही घरांत विचारले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

म्हातारपणी दृष्टी आणि कान अधू झाले, तरी त्या वयातही औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ एका वैद्याच्या मदतीने चालूच होता. मृत्यू गझनी येथे, १०५० च्या सुमारास झाला. त्या अखेरच्या दिवसाची हकीकत याकूत या चरित्रकाराने दिली आहे. अल्बेरूनींना घरघर लागलेली असताना त्यांचे परिचयाचे एक फकीह भेटीस आले. अल्बेरूनींनी त्यांना ओळखले आणि, वारसाहक्कात आईकडच्या आजीच्या हिश्श्याचा जो हिशेब तुम्ही मला एकदा सांगितला होतात, तो पुन्हा सांगा, असे म्हटले. फकीहांना त्यांची दया आली. या अवस्थेत हिशेब कसला, असे ते म्हणाले. यावर अल्बेरूनींनी त्यांनाच विचारले की तो न समजताच जग सोडण्यापेक्षा समजून सोडलेले बरे नाही का. फकीहांनी तो सांगितला. अल्बेरूनींनी ऐकून घेतला, मुखोद्गत केला, आणि बदल्यात त्यांना पूर्वी कबूल केलेली एक गोष्ट समजावून दिली. फकीह निरोप घेऊन बाहेर पडले. ते अजून रस्त्यातच होते तोच मागे घरातून रडण्याचा आवाज आला.